एड्सविरुद्धचा लढा आणि तरुण कामगार

(जयपूर येथे तरुण कामगारांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचा संक्षिप्त मजकूर)



जयपूर ही हिरे-माणकांची पेठ म्हणून जगाला ठाऊक आहे. पण या पेठेत नगिने घासणारे, मालमोटारी हाकणारे, इमारती उभारणारे हात कोवळे आहेत, आणि त्यांतील अनेक परगावचे आहेत. डुंगरपूर-उदयपूरकडची मुले पोटासाठी अहमदाबाद-सुरतेला जातात. आमच्या सांगली जिल्ह्यातील खानापूर-आटपाडीची मुले सोनेचांदीच्या गलाईसाठी देशभरच्या सराफपेठा गाठतात. ही व्यवस्था तरुणाला घरापासून तोडते, एका खोलीत दहा-दहा जणांना कोंडते, आणि तो आजारी पडला की त्याच्याच चारित्र्याकडे बोट दाखवते. एचआयव्हीचा प्रश्न नीतीच्या प्रवचनातून सुटणार नाही. तो श्रमिकांच्या जीवनस्थितीतूनच समजून घेतला पाहिजे.

भारतात या विषाणूचे पहिले निदान १९८६ साली मद्रासमध्ये झाले. तेव्हा निदान म्हणजे मृत्यूचा हुकूमच होता. आज रोज एक गोळी नियमाने घेणारा तरुण दीर्घ आयुष्य जगतो. रक्तातील विषाणू मोजता येणार नाही इतका कमी राहिला, तर लैंगिक संबंधातून जोडीदाराला लागणही होत नाही. म्हणजे उपचार हाच प्रतिबंधही आहे.

ही गोळी आपल्या हाती दानधर्माने आलेली नाही. बड्या परदेशी कंपन्या या औषधांसाठी माणशी वर्षाला दहा हजार डॉलरांहून अधिक उकळत होत्या. २००१ साली सिप्ला या भारतीय कंपनीने तीन औषधांचा संच ३५० डॉलरांत देऊ केला. हे शक्य झाले, कारण १९७० च्या कायद्याने औषधाच्या पदार्थावरील पेटंट नाकारले होते. २००५ साली जागतिक व्यापार संघटनेच्या दडपणाखाली तो कायदा बदलला गेला, तेव्हा डाव्या पक्षांनी संसदेत झुंज देऊन ३(ड) कलम घालून घेतले. जुन्या औषधात किरकोळ फेरफार करून नवी मक्तेदारी मागण्याची वाट त्यामुळे अरुंद झाली. २००९ मध्ये टेनोफोव्हिरवरील पेटंटचा अर्ज फेटाळला गेला, तोही रुग्णांच्याच संघटनांनी हरकत घेतल्यामुळे.

परंतु औषध निर्माण होणे वेगळे आणि ते तरुणाच्या हाती पडणे वेगळे. सरकारने १ एप्रिल २००४ पासून मोफत उपचार सुरू केले. तरीही २०२२ मध्ये औषधांच्या तुटवड्यामुळे रुग्णांना दिल्लीत राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेच्या कार्यालयासमोर चाळीसहून अधिक दिवस धरणे धरावे लागले. २०१७ चा कायदा नोकरीत, शाळेत व रुग्णालयात भेदभावाला मनाई करतो. मात्र उपचार देण्याच्या कलमात ‘शक्य तितपत’ हे शब्द घालून सरकारने आपली सुटका करून घेतली आहे. २०२५ च्या जानेवारीत अमेरिकन सरकारने परदेशी मदत गोठवताच आफ्रिकेतील दवाखान्यांची दारे बंद होऊ लागली. परक्याच्या मर्जीवर उभे असलेले आरोग्य किती ठिसूळ असते, याचा हा धडा आहे.

आता तरुणांची विशेष अडचण पाहा. अठरा वर्षांखालील मुलाच्या तपासणीसाठी पालकाची संमती मागितली जाते. घरापासून शेकडो मैल दूर राबणाऱ्या मुलाने पालक कोठून आणावा? शाळेत शिकवावे, तर २००७ मध्ये महाराष्ट्र, मध्य प्रदेश, कर्नाटक यांसारख्या राज्यांनी लैंगिक शिक्षणालाच बंदी घातली. संस्कृतीच्या नावाखाली अज्ञान जपले गेले, आणि त्याची किंमत गरिबांच्या मुलांनी मोजली.

याउलट सांगलीचा अनुभव आहे. तेथे १९९२ पासून ‘संग्राम’ संस्थेने देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांनाच प्रचारक केले. ज्यांना समाजाने रोगाचे कारण ठरवले, त्यांनीच निरोधाचा आग्रह धरून रोगाला अटकाव केला. पीडितांनीच पुढाकार घ्यावा, हाच त्यातला बोध आहे.

म्हणून आपल्या मागण्या स्पष्ट आहेत. औषधाचा साठा कधीही खंडित होऊ नये. गाव बदलणाऱ्या कामगाराला कोणत्याही केंद्रावर विनाहेलपाटे गोळ्या मिळाव्यात. किशोरांना गुप्तता राखून तपासणी व सल्ला मिळावा. शाळांतून शास्त्रीय शिक्षण द्यावे. कायद्यातील ‘शक्य तितपत’ हे शब्द काढून टाकावेत.

आणि एक काम आपले स्वतःचे आहे. आपल्या खोलीतील साथीला लागण झाली, तर त्याचे ताट वेगळे करू नका; त्याच्याबरोबर दवाखान्यात जा. १०९७ या मोफत दूरध्वनीवर माहिती मिळते, हे प्रत्येक कारखान्यात सांगा. ज्या संघटनेला आपल्या आजारी साथीचा हात धरता येत नाही, तिला मालकाशी झुंजता येणार नाही.