लष्करी ट्रकचा ड्रायव्हर



आज बाप्पासमोर आम्ही एका ट्रक ड्रायव्हरविषयी बोलणार आहोत. किसन बाबूराव हजारे, म्हणजे राळेगणसिद्धीचे अण्णा. उपोषणाचे अण्णा सर्वांना ठाऊक आहेत. लष्कराचा ट्रक चालवणारे अण्णा थोड्यांनाच.

ते सैन्यात भरती झाले आणि ड्रायव्हर झाले. १९६५च्या युद्धात खेमकरण भागात सोबतचे जवान गेले, हे वाचले. आपणच का उरलो, हा प्रश्न त्यांना सोडेना. दिल्ली स्टेशनवर घेतलेल्या विवेकानंदांच्या छोट्या पुस्तकाने त्यांना वाट दाखवली. उरलेले आयुष्य लोकांसाठी, असे ठरवून त्यांनी लग्नही केले नाही.

१९७५ साली ते गावी परतले. नोकरीचे साठलेले पैसे यादवबाबांच्या देवळाच्या दुरुस्तीला दिले आणि देवळातच मुक्काम केला. गाव दुष्काळी, दारूच्या भट्ट्यांचे. श्रमदानातून बंधारे झाले, झाडे लागली. १९८० साली देवळात धान्य बँक सुरू झाली. ज्याच्याकडे जास्त त्याने द्यावे, नड असेल त्याने न्यावे, पीक आल्यावर थोडे वाढवून परत करावे. घेणारा भीक घेत नाही, उसने घेतो. त्याची मान खाली जात नाही. अण्णांची खरी माया आम्हाला इथे दिसते.

दारुड्यांना खांबाला बांधून मारल्याचेही त्यांनीच सांगितले आहे. ते आम्हाला पटत नाही. पण माणूस आठवायचा तर पुरता आठवावा.

आम्ही सरकारी नोकर. २००३ साली अण्णा मुंबईच्या आझाद मैदानावर उपोषणाला बसले, २००५ साली देशभर माहिती अधिकाराचा कायदा आला. त्यामागे अनेकांचे कष्ट आहेत, त्यात या ड्रायव्हरचेही. आज साधा अर्ज टेबलावर आला की तीस दिवसांत उत्तर द्यावे लागते आणि कुण्या म्हाताऱ्याची अडलेली फाइल हलते.

आपले सिकंदराबाद छावणीचे गाव. निवृत्त फौजी आपल्या ओळखीत आहेत, त्यांतले काही आजही गाडी चालवतात. विसर्जनाला आपली मूर्ती हुसेनसागरापर्यंत नेतो तोही ड्रायव्हरच. रात्रभर तो स्टिअरिंगवर, आपण ढोल-ताशांत. आमची एकच विनंती आहे. यंदा निघण्याआधी त्याला नाव विचारू या, आरतीचे ताट त्याच्या हाती देऊ या आणि प्रसादाचे पहिले पान त्याला वाढू या.

गणपती बाप्पा मोरया!