सापाला काय कळते?



शिरूर व दौंड तालुक्यांत उसाच्या फडात उंदीर फार. उंदरामागे साप येतो, आणि आपली मुले त्याच बांधावरून शाळेस येतात. सबब हा पाठ पुस्तकापुरता ठेवून चालणार नाही.

नाग पुंगीच्या सुरावर डोलतो, असे मुले सांगतील. त्यांस हसू नये. सापास बाह्यकर्ण नाही, कानाचा पडदाही नाही. अंतःकर्ण मात्र आहे, व तो हाडांनी जबड्याशी जोडलेला आहे. जमिनीचा कंप त्या वाटेने त्यास कळतो. हवेतून येणारे खालच्या पट्टीचे ध्वनीही त्यास काहीसे कळतात, असे अलीकडील प्रयोगांत दिसले आहे. तेव्हा ‘साप ठार बहिरा’ हे आपण वर्षानुवर्षे शिकविलेले वाक्य दुरुस्त करावे. नाग डोलतो तो हलत्या पुंगीवर नजर ठेवून.

वर्गात एका मुलाने कान बोटांनी बंद करून हनुवटी बाकावर टेकवावी. दुसऱ्याने बाकाचे टोक नखाने खरवडावे. हाडातून ऐकणे म्हणजे काय, ते तत्काळ उमगते.

दुभंगलेली जीभ दंश करीत नाही. ती गंधकण टिपून टाळूतील जेकबसनच्या इंद्रियाकडे पोहोचविते.

काठी आपटीत चालावे, हे योग्यच. परंतु घोणस पुष्कळदा जागची हलत नाही, आणि मण्यार रात्री जमिनीवर निजलेल्यास चावते. तिचा दंश कित्येकदा दुखतही नाही. म्हणून काठीसोबत विजेरी हवी. दंश झाल्यास चिरणे, करकचून बांधणे, मांत्रिक यांत वेळ न दवडता, प्रतिविष मिळेल अशा रुग्णालयात न्यावे. रुग्णवाहिकेचा १०८ हा क्रमांक फळ्याच्या कोपऱ्यात कायम असावा. कोणी पुसलाच, तर त्याच्याकडूनच पुन्हा लिहवून घ्यावा.