जास्तीचं वळतं होत नाही



माझ्यानंतर एकांकिका आहे. विंगेत एक शिवाजीकालीन सरदार मिशी दाबून धरून उभे आहेत आणि डिंक सुटायच्या आत मी आवरावं, असं त्यांच्या नजरेत स्पष्ट दिसतंय. तेव्हा मुद्द्यावर येतो.

मघाशी अहवालात निकालाचे आकडे वाचले गेले, टाळ्या पडल्या. पडायलाच हव्यात. जन्मभर अर्थशास्त्र शिकवल्यामुळे माझं आकड्यांशी वैर नाही. पण माणसाचं बरं चाललंय की नाही, हे कळायला नेमकं काय मोजायचं? या प्रश्नावर भूतानने बरीच डोकेफोड केली आहे. ‘सकल राष्ट्रीय आनंद’ आणि ती कल्पना मांडणारे तिथले तेव्हाचे राजे जिग्मे सिंग्ये वांगचुक ही जोडी तुमच्यातल्या स्पर्धा परीक्षावाल्यांना पाठ असेल. एका गुणापुरतं तेवढं पुरतं, पण खरी गंमत त्याच्या पुढे आहे.

तिथे हा आनंद मोजायला 9 क्षेत्रं आणि 33 निर्देशक ठरवलेत. पाहणीवाले घरी येतात आणि उत्पन्न, शिक्षण विचारतातच, पण झोप किती तास होते, हेही विचारतात. आजारी पडलात तर भिस्त ठेवावी अशी माणसं किती? राग, मत्सर कितपत येतो? गावच्या लोककथा ठाऊक आहेत का? रानटी जनावरांनी पिकाची किती नासाडी केली? हा शेवटचा प्रश्न सुखाच्या यादीत कसा, ते ज्यांच्या शेतात रानडुकरं शिरतात त्यांना सांगावं लागणार नाही.

मला सगळ्यात आवडतो तो हिशेब. सबिना अल्कायर आणि जेम्स फॉस्टर यांनी गरिबी मोजायला जी पद्धत बसवली, तिच्यावरच तो बेतलाय. प्रत्येक गोष्टीला ‘इतकं पुरे’ अशी एक रेघ असते. झोपेची रेघ आठ तासांवर. रेघेच्या वर कितीही गेलात तरी जादा गुण नाहीत आणि एकीकडचं जास्तीचं दुसरीकडच्या तुटीत वळतं होत नाही. पगार दुप्पट झाला म्हणून हाकेला ओ देणारं माणूस मिळालं असं धरत नाहीत. आणि ऐका, पैकीच्या पैकी कोणालाच मागितलेले नाहीत! साधारण दोन तृतीयांश गोष्टी पुरेशा असल्या की तो माणूस सुखी. आपल्या गुणवत्ता यादीपेक्षा हे केवढं माणुसकीचं आहे.

आता भूतानची आरती ओवाळत बसणार नाही. 1990च्या सुमारास तिथल्या हजारो नेपाळीभाषकांना देश सोडावा लागला, नेपाळमधल्या छावण्यांत वर्षं काढावी लागली. त्यांची झोप कोणी मोजली? अलीकडे तिथली तरुण पोरं मोठ्या संख्येने ऑस्ट्रेलियाला निघाली आहेत, कारण मनाजोगतं काम नाही. म्हणजे एका क्षेत्रातली तूट इतर आठ क्षेत्रांनी भरून निघत नाही, हे भूतानचंच गणित भूतानवर उलटलं. मला त्यात गणिताचा पराभव दिसत नाही. गणित बरोबर आलं, उत्तर अवघड निघालं.

प्राचार्य, एक विनंती. पुढच्या अहवालात निकालाशेजारी एक रकाना वाढवा: रात्री दोन वाजता ताप चढला तर बिनदिक्कत दार ठोठावता येईल असं कोणी जवळपास आहे, असे विद्यार्थी किती. नाव न घालता चिठ्ठ्यांवर उत्तरं घेता येतील. फिशपाँडची पेटी आहेच, आणि मुलं तिच्यात खरं लिहितात असा माझा अनुभव आहे.