घामातले मीठ



कामगार संघटनेची माणसे मूत्रपिंडावर काय बोलणार, असे कोणाच्या मनात आले असेल. आम्ही कॉलेज पाहिलेले नाही. वाचले ते वाचनालयाच्या बाकावर बसून. परंतु उन्हाळ कांद्याच्या हंगामात गोण्या वाहणाऱ्या हमालाच्या सदऱ्यावर घाम वाळून पांढरे पट्टे उमटतात, ते आपण सर्वांनीच पाहिले आहेत. ते मीठ होय. इतके मीठ गमावूनही तो दुसऱ्या दिवशी कामावर उभा राहतो, तो कशाच्या बळावर?

आपली मूत्रपिंडे दिवसाकाठी सुमारे १८० लिटर पाणी रक्तातून गाळतात. त्यात जवळजवळ दीड किलो मीठ असते! त्यातले शंभरांत नव्याण्णव भाग रक्तात परत जातात. बहुतेक वसुली सूक्ष्म नळ्यांच्या आरंभीच होते. शेवटच्या टोकाला राहतो तो दोनचार टक्क्यांचा हिशेब, आणि सारी मेख तिथेच आहे. अंगातले मीठपाणी उतरले की मूत्रपिंड 'रेनिन' नावाचे द्रव्य रक्तात सोडते. त्यापासून पुढे जो निरोप तयार होतो तो मूत्रपिंडावर टोपीसारख्या बसलेल्या ग्रंथीला पोचतो, आणि ती 'अल्डोस्टेरॉन' हे संप्रेरक सोडते. त्याच्या हुकमाने नळ्यांच्या शेवटच्या भागात मीठ आत ओढणारी दारे वाढतात. मिठामागून पाणी येते. हे संप्रेरक १९५३ साली लंडनमधील सिम्पसन व टेट आणि त्यांचे स्विस सहकारी यांनी वेगळे काढले. उलट कामही आहे: मीठपाणी फार झाले की ते बाहेर घालवणारे संप्रेरक खुद्द हृदय सोडते, हे १९८१ साली कॅनडात डी बोल्ड यांनी दाखविले. गरज नसता अल्डोस्टेरॉन वाहत राहिले तर रक्तदाब चढतो, तो भाग डॉक्टरमंडळींचा.

आमच्या कामाची गोष्ट पुढे आहे. हेच अल्डोस्टेरॉन घामाच्या ग्रंथींनाही काटकसर शिकविते. नव्या माणसाचा घाम खारट असतो. उन्हात रोज काम करता करता आठवड्या-दोन आठवड्यांत तो अळणी होत जातो. म्हणजे जुना हमाल काटक असतो तो केवळ मनगटाने नव्हे. आणि ही कमाई टिकाऊ नाही. लग्नकार्य किंवा आजारपणात आठवडाभर घरी राहिला की ती बरीचशी ओसरते. मिठाच्या गोळ्या चारून हे साधत नाही. पोट ढवळते तेवढे. वेळेवर पाणी, ताक आणि पोटभर जेवण हवे.

अमेरिकेतील कामगार-आरोग्य संस्थेचा सल्ला असा, की नव्या माणसाला पहिल्या दिवशी उन्हातल्या कामाचा पाचवा हिस्साच द्यावा आणि पुढे रोज एकेक हिस्सा वाढवावा. ऐकायला सोपे आहे. पण आमच्या हमालाची मजुरी गोणीमागे! काम पाचवा हिस्सा, तर चूलही पाचवा हिस्सा पेटणार; मग तो पहिल्याच दिवशी सर्वांबरोबर गोणी पाठीवर घेतो, आणि तिसऱ्या दिवशी ट्रकच्या सावलीत आडवा होतो. त्याला सल्ला देऊन काय उपयोग? पहिल्या चार दिवसांची तूट कोणी सोसायची, हे ठरले पाहिजे. हमालांसाठी १९६९ साली माथाडी कायदा झाला, तोही मजुरीची जबाबदारी कोणाची हे ठरविण्यासाठीच. ती तूट व्यापारी, आडते आणि टोळी यांनी वाटून घ्यावी, असे आमचे म्हणणे आहे, आणि त्यांच्यापैकी बरेचजण आज याच मंडपात बसले आहेत.