मानपत्रात काम लिहावे



सार्वजनिक जीवनातून निवृत्त झालेल्या लोकप्रतिनिधीचा गावाने सत्कार करावा, ही कृतज्ञतेची रीत आहे. समाजासाठी आयुष्याचा मोठा भाग वेचणाऱ्याचे ऋण मान्य करणे हे सुसंस्कृत समाजाचे लक्षणच होय. मात्र शाल, श्रीफळ आणि मानपत्र यांच्या सोहळ्यात एक प्रश्न बहुधा मागे राहतो. गौरव नेमका कशाचा होत आहे? पदाचा, प्रभावाचा, की हातून उभ्या राहिलेल्या कामाचा?

या संदर्भात लंडनमधील सेंट पँक्रस या जुन्या नगरपालिकेचे उदाहरण उद्बोधक आहे. नाटककार म्हणून जगाला ठाऊक असलेले जॉर्ज बर्नार्ड शॉ १८९७ ते १९०३ या काळात तेथील स्थानिक कारभारात सदस्य होते. आरोग्य, सांडपाणी, वीजपुरवठा अशा रुक्ष विषयांच्या समित्यांवर त्यांनी निष्ठेने काम केले. स्त्रियांसाठी सार्वजनिक स्वच्छतागृह असावे, हा विषय सभेत काढणेही त्या काळी असभ्य मानले जाई. शॉ यांनी तो चिकाटीने लावून धरला. १९०४ मध्ये लंडन काउंटी कौन्सिलच्या निवडणुकीत त्यांचा पराभव झाला. पुढे १९४६ मध्ये, वयाच्या नव्वदीत, सेंट पँक्रसने त्यांना ‘फ्रीडम ऑफ द बरो’ हा आपला सर्वोच्च नागरी सन्मान अर्पण केला. सभागृह सोडून तोवर ४३ वर्षे लोटली होती. त्यांच्या जागतिक कीर्तीचा या सन्मानात वाटा असेलच. परंतु वाटण्याजोगे पद किंवा मिळवून देण्याजोगी मते त्यांच्यापाशी नव्हती, हेही तितकेच खरे.

हाच सन्मान १९५५ मध्ये एका भारतीयाला मिळाला. व्ही. के. कृष्ण मेनन १९३४ ते १९४७ अशी तेरा वर्षे तेथे नगरसेवक होते. ग्रंथालय समितीची धुरा सांभाळताना मुलांसाठी स्वतंत्र वाचनकक्ष आणि फिरती ग्रंथालये यांसाठी त्यांनी परिश्रम घेतले. परक्या देशात, परक्या नागरिकांच्या मुलांच्या हाती पुस्तक पडावे, म्हणून हे कष्ट होते.

पुढे १९६२ मध्ये चीनने आक्रमण केले, देशाच्या संरक्षणसिद्धतेतील उणिवा उघड्या पडल्या आणि मेनन यांना संरक्षणमंत्रिपद सोडावे लागले. त्या अपयशाचा हिशेब इतिहास मागतच राहील. तो सौम्य करण्याचे कारण नाही. तथापि, सेंट पँक्रसमधील वाचकांपर्यंत पुस्तके पोहोचली, हे त्यामुळे असत्य ठरत नाही. ‘थोर’, ‘द्रष्टे’, ‘लोकनेते’ ही विशेषणे काळाच्या पहिल्याच तडाख्यात गळून पडतात. केलेल्या कामाची नोंद मात्र टिकते. म्हणूनच मतभेद असलेल्या माणसाच्याही पदरात त्याच्या कामाचे माप प्रामाणिकपणे घालता येते.

इंग्लंडमध्ये १९७२ च्या स्थानिक शासन कायद्याने या सन्मानाला शिस्तही लावली. माजी सदस्याला ‘मानद आल्डरमन’ करावयाचे, तर त्याची सेवा विशेष मोलाची असावी लागते. त्यासाठी खास सभा बोलवावी लागते आणि मतदान करणाऱ्यांपैकी किमान दोन-तृतीयांश सदस्यांची संमती लागते. या किताबासोबत भत्ता मिळत नाही, की सभागृहात बसण्याचा हक्कही मिळत नाही. काठावरच्या बहुमताने सन्मान देता येत नाही. त्यामुळे बहुधा विरोधकांचीही मान्यता मिळवावी लागते. विरोधकाने मान्य केलेली सेवा हीच निर्विवाद सेवा.

आपल्या नगरपालिका आणि ग्रामपंचायती यांनाही हे पथ्य पाळता येईल. सत्कार पद सुटल्यावर काही काळ जाऊ देऊन करावा. मानपत्रात कोणती पाणीयोजना पूर्ण झाली, कोणती शाळा उभी राहिली, कोणत्या वस्तीत दिवा लागला, हे वर्षासह लिहावे. विरुद्ध पक्षाच्या सदस्याला निःसंकोच सही करता येईल, असाच मजकूर असावा. लिहिण्याजोगे काही सापडले नाही, तर सोहळा रद्द करण्याचे धैर्यही दाखवावे.

कारण मानपत्र वाचले जाते, तेव्हा मागच्या रांगेत एखादा तरुण कार्यकर्ता ते ऐकत असतो. सार्वजनिक जीवनात कशाला मान मिळतो, हे तो तेथे शिकतो. त्याच्या कानी विशेषणे पडावीत की कामे, याचा निर्णय सत्कार करणाऱ्यांनी घ्यावयाचा आहे.