यादीत नाव नसलेली मुलं

माझा वाढदिवस १ जूनला असतो. माझ्या धाकट्या भावाचाही १ जूनलाच. आमच्या वर्गातली निम्मी पोरं याच तारखेला जन्मलेली होती. यात चमत्कार काही नाही. जूनमध्ये शाळा उघडायची, बाप पोराचा हात धरून घेऊन यायचा. गुरुजी विचारायचे, "जन्म कधीचा?" बाप सांगायचा, "मोठा पाऊस झाला त्या साली, ज्वारी काढणीला आली होती तेव्हा." गुरुजी एकदा पोराकडे बघायचे आणि पहिलीत बसेल अशी तारीख रजिस्टरात लिहून टाकायचे. माझ्या पिढीतली मराठवाड्यातली कितीतरी माणसं अशी रजिस्टरात जन्मली आहेत.

हे आज आठवायचं कारण म्हणजे शालेय क्रीडा स्पर्धा. पाऊस ओसरत आला की त्या सुरू होतात. आधी तालुका, मग जिल्हा, मग विभाग, मग राज्य. आमचा नांदेड जिल्हा लातूर विभागात येतो. चौदा, सतरा आणि एकोणीस वर्षांखालचे असे गट असतात आणि प्रत्येक पायरीवर एक यादी लागते. यादीत नाव असलेल्या मुलांचे फोटो पेपरात येतात. मला बोलायचं आहे ते ज्यांचं नाव नसतं त्यांच्या आईबापांशी. मी त्यांच्यातलाच एक आहे.

मी कविता लिहिणारा माणूस, खेळातलं मला फारसं कळत नाही. पण मुदखेडला राहून पळणारी पोरं बघितली नाहीत असं होत नाही. एकीकडे फुलांच्या करंड्या गाडीवर चढत असतात, दुसरीकडे भरतीची तयारी करणारी पोरं अंधारातच रस्त्यावर पळत असतात. सीआरपीएफचं प्रशिक्षण केंद्र गावालाच आहे, त्यामुळे पळणं म्हणजे नोकरी हे समीकरण इथे लहानपणापासून डोक्यात बसतं.

माझी थोरली त्यांच्या मागे पळायला लागली. २००९ साली ती तेरा वर्षांची होती. तालुक्याला सहाशे मीटरमध्ये पहिली आली. मी बाजारात तिघांना सांगितलं, संध्याकाळपर्यंत तीस जणांना कळलं होतं. मग जिल्ह्याच्या स्पर्धेसाठी आम्ही नांदेडला गेलो. तिथे ती चौथी आली. पुढे जाणाऱ्या मुलींची यादी लागली, ती वाचून आली आणि एवढंच म्हणाली, "अब्बा, अपना नाम नै है."

नांदेड ते मुदखेड रेल्वेचा प्रवास फार लांबचा नाही. तेवढ्या वेळात मी बोलतच होतो. सुरुवात चुकली, बूट जुने होते, शेजारच्या पोरीने कोपर मारलं, पंचांचं लक्ष नव्हतं, सकाळी उशिरा उठलीस. ती खिडकीतून बाहेर बघत होती. पुढे महिन्याभरात तिचं मैदानावर जाणं थांबलं. मी समजलो, हरल्याचं मनाला लागलं.

त्याच दिवसांत एका ओळखीच्या माणसाने मला बाजूला घेतलं. म्हणाला, "पुढच्या वर्षी पोरगी चौदाच्या गटातून बाहेर पडेल. जन्मदाखला एक वर्षाने खाली आणा, माझ्याकडे सोय आहे." मी दोन दिवस त्याचा विचार केला, हे कबूल करतो. दहावी-बारावीला खेळाचे सवलतीचे गुण मिळतात, सरकारी नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे. गरिबाच्या घरात हा हिशेब होणारच. शेवटी बायकोजवळ विषय काढला. ती म्हणाली, "तुमची तारीख खोटी, माझी खोटी. घरात एकीला खरी मिळाली आहे, तीपण घालवायची का?" थोरली सरकारी दवाखान्यात जन्मली होती, तिची तारीख वेळेसकट कागदावर होती. विषय तिथेच संपला.

अशा दाखल्यांमुळेच आता काही खेळांत मनगटाचा एक्स-रे काढून हाडांची वाढ बघतात. पण खरा मुद्दा पुढेच आहे. खऱ्या दाखल्यांची दोन मुलं घेतली, दोन्ही तेरा वर्षांची, तरी एकाचं अंग भरलेलं असतं आणि दुसऱ्याचं अजून कोवळं. त्यांच्या हाडांच्या वयात दोन-तीन वर्षांचा फरक सहज निघतो. कॅनडात १९८५ साली रॉजर बार्न्सली या मानसशास्त्रज्ञाने बर्फावरच्या हॉकीतल्या खेळाडूंच्या जन्मतारखा तपासल्या. निवडलेल्यांत जानेवारी ते मार्चमध्ये जन्मलेले फार होते, कारण तिथला वयोगट १ जानेवारीला मोजायला सुरुवात होते. जानेवारीचं पोर डिसेंबरच्या पोरापेक्षा जवळजवळ वर्षाने मोठं, पण निवड करणाऱ्याच्या डोळ्यांना ते जास्त गुणी दिसतं. मला वाचून हसू आलं. आमच्या पिढीवर हा अभ्यास करायला कुणी आलं असतं तर त्याला सगळे खेळाडू एकाच तारखेचे सापडले असते.

तेराव्या वर्षीची यादी कुणाचं अंग आधी भरलं हेही मोजत असते, नुसती धाव नाही. नॉर्वे हा बर्फावर घसरत शर्यती खेळणाऱ्यांचा देश. नांदेड आणि लातूर या दोन जिल्ह्यांची २०११ च्या जनगणनेतली लोकसंख्या ५८ लाख भरते, तो अख्खा देश त्याहून थोडा कमीच. तिथल्या क्रीडा महासंघाचा नियम असा की अकरा वर्षांच्या आतल्या मुलांच्या निकालाची क्रमवारी लावायची नाही आणि तेरा वर्षांच्या आत राष्ट्रीय अजिंक्यपद नाही. बीजिंगच्या २०२२ च्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये या देशाने १६ सुवर्णपदकं जिंकली, सगळ्यांपेक्षा जास्त.

एवढ्या लांब जायचीही गरज नाही. अविनाश साबळे आपल्या बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा. बारावीनंतर फौजेत गेला, सियाचीनला राहिला. शर्यतीच्या पळण्याला त्याने गंभीरपणे हात घातला तो फौजेतच, २०१५ च्या सुमारास, विशी ओलांडल्यावर. २०२२ ला बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत तीन हजार मीटर स्टीपलचेसमध्ये तो दुसरा आला, पहिल्यापासून अवघ्या पाच शतांश सेकंदावर. पुढच्या वर्षी आशियाई स्पर्धेत सुवर्ण. चौदा वर्षांखालच्या यादीत त्याचं नाव होतं की नव्हतं, हे आज कुणी विचारत नाही.

पळण्यात निदान घड्याळ असतं. खो-खो, कबड्डीत निवड चाचणी बघणाऱ्याच्या नजरेवर असते, तिथे भांडणं जास्त होतात. म्हणून सरांना काय विचारायचं ते चाचणीच्या आधी विचारावं. किती मुलं घेणार, राखीव किती, कशावरून घेणार. बोनाफाईड, जन्मदाखला, आधार आदल्या आठवड्यात तपासावं, कागदावाचून मैदानाबाहेर बसलेलं पोर मी पाहिलं आहे. यादी लागल्यावर त्याच दिवशी, पोरासमोर सरांना जाब विचारू नये. मी विचारला होता, आवाज चढवून. पोरगी दहा पावलांवर उभी होती, चप्पलने माती उकरत. आणि राखीव म्हणून नाव लागलेल्या मुलाला घरात कुणी राखीव म्हणू नये. खो-खोत नऊ जण मैदानात उतरतात, पण रोजच्या सरावात त्यांच्यामागे पळणारे राखीवच असतात.

थोरली आता पुण्याला असते, दोन लेकरांची आई आहे. मागच्या ईदला आली होती. बोलता बोलता त्या दिवसाचा विषय निघाला. मी म्हणालो, तुला फार लागलं होतं ना? ती हसायला लागली. "अब्बा, हरलेलं मी स्टेशनवरच विसरले होते. मला भूक लागली होती. सकाळपासून काही खाल्लं नव्हतं. तुम्ही बोलत होता म्हणून मागितलं नाही." मग थोडं थांबून म्हणाली, "मैदान सोडलं ते तुम्ही सरांशी भांडलात म्हणून. मला त्यांच्यासमोर जायची लाज वाटायची."

माझ्या भावाचा नातू यंदा तालुक्याला पहिला आला आहे. जिल्ह्याच्या स्पर्धेला त्याच्याबरोबर नांदेडला जायचं काम घरात मला दिलं आहे. थोरलीला फोनवर सांगितलं तर म्हणाली, "डबा दोघांचा न्या अब्बा, आणि येताना गाडीत त्यालाच बोलू द्या."