गाणं आपलं, बोलीही आपली
(मंडळाच्या गणेशोत्सवातील भाषण)



मला विषय दिला होता ‘मराठी भावगीत’. तो मी जरा वळवून घेतो. भावगीतात बहुधा कवी एक, संगीतकार दुसरा आणि गायक तिसरा. मला बोलायचं आहे ते स्वतःच लिहून, चाल लावून, स्वतःच गाणाऱ्यांबद्दल. अमेरिकेच्या बॉब डिलनला २०१६ साली साहित्याचं नोबेल मिळालं, ते अशाच गाण्यांसाठी. गिटार, माउथऑर्गन आणि शब्द त्याचे त्याचेच.

आपल्याला यात नवल वाटायला नको. १९०९ साली अमरावती जिल्ह्यातल्या यावलीला जन्मलेले तुकडोजी महाराज दुसरं काय करत होते? हातात खंजिरी, भजन स्वतःचं, आवाज स्वतःचा. मराठीत रचलं, हिंदीतही रचलं. दोन्ही भाषांत जगणाऱ्या आपल्या गावांना ते जवळचे वाटतात, ते उगाच नाही.

आता कॅसेटच्या दिवसांकडे येतो. १९९८ साली ‘गारवा’ आला. शब्द सौमित्र यांचे, म्हणजे अभिनेते किशोर कदम यांचे. चाली आणि आवाज मिलिंद इंगळे यांचा. सिनेमा नाही, नायक-नायिका नाहीत. आधी कविता बोलायची, मग गाणं सुरू व्हायचं, आणि सगळ्या कॅसेटभर पाऊस. नागपूरला गेलेला माणूस सीताबर्डीहून अशा कॅसेटी घेऊन यायचा, मग त्या घरोघर फिरायच्या. पुढे २००३ पासून संदीप खरे आणि सलील कुलकर्णी यांचा ‘आयुष्यावर बोलू काही’ सुरू झाला. त्यातले संदीप खरे तर कवीही आणि गायकही. दमलेला बाप, रुसलेलं पोर, ऑफिस, घर, सगळं गाण्यात आलं. शब्द साधे, बोलल्यासारखे. ज्या पोरांनी मराठीचं पुस्तक कधी उघडलं नाही, त्यांनाही ती गाणी पाठ झाली.

पण एक गोष्ट मला खटकते. ‘गारवा’तला पाऊस शहरातला आहे. आठवणीत हरवलेल्या माणसाचा आहे. गोड आहे, मी अजूनही ऐकतो. पण आपल्याकडे पाऊस म्हटला की आधी संत्र्याचा मृग बहार आठवतो. पाऊस लांबला तर बहार फुटेल का, कपाशीची दुबार पेरणी करावी लागेल का, हा आपला पाऊस! तो मराठी अल्बममध्ये मला तरी भेटलेला नाही.

आणि तो लिहायचा कोणत्या मराठीत? १ नोव्हेंबर १९५६ ला विदर्भ मुंबई राज्यात गेला, आपण मध्य प्रदेशात राहिलो. शाळा हिंदीच्या झाल्या. आता २०२३ साली पांढुर्णा जिल्हा झाला, सौसर त्यात आलं, पण घरातलं चित्र तेच आहे. आजी मराठीत विचारते, नातू हिंदीत उत्तर देतो. त्यात पुण्याचे पाहुणे आले आणि आपल्या ‘काहून’ला, ‘करून राहिलो’ला हसले, की ते पोर मराठीत तोंडच उघडत नाही. आपण मोठी माणसंही पाहुण्यांबरोबर हसतो. हे मी आपल्याच घरांत पाहिलं आहे.

बहिणाबाई चौधरींना लिहितावाचता येत नव्हतं. त्या आपल्या खानदेशी बोलीतच रचत आणि गात. मुलगा सोपानदेव यांच्यामुळे ती गाणी अत्र्यांपर्यंत पोचली आणि १९५२ साली पुस्तक निघालं. त्या बोलीला हसायची मग कोणाची छाती झाली नाही. आपल्या बोलीत असं काय कमी आहे?

उद्याच्या कार्यक्रमात पोरांचे नाच आहेत, बहुतेक सिनेमाच्या गाण्यांवर. होऊ द्या, बाप्पालाही ते आवडतात. पण पुढच्या वर्षी पत्रिकेत पंधरा मिनिटं राखून ठेवा, अशी माझी कार्यकारिणीला विनंती आहे. अट एकच: गाणं स्वतः रचलेलं हवं. मध्येच हिंदी शब्द आला तरी गुण कापू नका. पेटी मंडळाच्या कपाटात आहे, खंजिरी भजनी मंडळाकडून आणू, आणि गिटार कोणाच्या तरी नातवाकडे निघेलच.